शिट्टीवर वाहणारी तापी

फाइल उघडली आणि पडद्यावर काहीच नव्हतं. अगदीच काही नाही, असं म्हणणं बरोबर नाही. एक पांढरी स्लाइड होती. कोरी, लख्ख, लग्नाला निघालेल्या माणसाच्या धोतरासारखी. तिच्या आधी काही नाही, तिच्या नंतरही काही नाही.

आठवडाभर शाळेतल्या झाडून सगळ्या शिक्षकांनी त्या फाइलमध्ये आपापले धडे भरले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. आणि आता पटांगणात संस्थेच्या अध्यक्षांची जीप येऊन उभी राहिली होती. अध्यक्ष हेडमास्तरांच्या केबिनमध्ये चहा घेत होते. चहा झाला की ते आमच्या खोलीत येणार, फाइल बघणार आणि निकाल देणार, की हा कॉम्प्युटर शाळेत राहणार की जाणार.

हिवाळा होता. खानदेशात हिवाळ्याच्या सकाळी दात असे वाजतात की शेजारच्याला वाटावं कोणी टायपिंग करतंय. मला मात्र पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

आता मागचं सांगते. मी खोटं बोलत नाही. फार तर गोष्ट जरा ताणून सांगते, म्हणजे तिला सुरकुत्या राहत नाहीत.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये इन्स्ट्रक्टर होते. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली शेवेचं दुकान. त्यामुळे आमच्या सगळ्या कीबोर्डना तिखट शेवेचा वास यायचा आणि टायपिंग करताना विद्यार्थी बोटं चाटायचे. मालक होते महाजन सर. ते स्वतःला मार्केटिंगचा माणूस म्हणवून घ्यायचे. म्हणजे शिकवायची वेळ आली की ते बाहेर गेलेले असायचे.

"वैशाली, अमळनेरकडून काम आलंय," ते एक दिवस म्हणाले. "हायस्कूलच्या शिक्षकांना प्रेझेंटेशन शिकवायचंय. स्लाइड शो."

"शिक्षक किती?"

"भरपूर."

"आणि मशीन?"

"मशीन फार चांगलं आहे."

"सर, किती आहेत?"

"सांगितलं ना. फार चांगलं आहे."

तेव्हा मला कळलं, की एकच आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लाइड म्हणजे पडद्यावरचं एक पान. त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी, एखादं चित्र. माऊसचं बटण दाबलं, म्हणजे क्लिक केलं, की पुढचं पान येतं. पानावरच्या वस्तू एकेक करून कडेनं धावत येतात आणि आपापल्या जागी बसतात, त्याला अ‍ॅनिमेशन म्हणायचं. आज हे सगळं पोरं फोनवर करतात. तेव्हा मात्र एक अक्षर डावीकडून उजवीकडे सरकलं तर ते बघायला लोक घरून स्टूल घेऊन यायचे.

शाळा बोरी नदीच्या काठच्या एका मोठ्या गावात होती. अमळनेरहून एसटीनं जायचं. रस्त्याला खड्डे असे होते की बसमध्ये चढताना मी खिडकीपाशी बसायची आणि उतरताना कंडक्टरच्या सीटवर असायची. दुपारची शाळा सुटायच्या बेताला पोचायचं, पोरं घरी गेली की शिक्षकांना शिकवायचं आणि शेवटच्या बसनं परत.

पहिल्या दिवशी गेले तर कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. आत उदबत्ती. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर फूल, आणि सीपीयूवर नारळ फोडायच्या तयारीत उभे असलेले पीटीचे महाले सर. मी उंबऱ्यावरूनच ओरडले. नारळ शेवटी पायरीवर फुटला.

हा कॉम्प्युटर शाळेत आला होता तो सोनवणे अक्कांमुळे. अक्का भूगोल शिकवायच्या. निवृत्तीला आलेल्या, उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या. तापी नदी फळ्यावर काढावी तर अक्कांनी. सातपुड्यापासून सुरतेपर्यंत एकदाही खडू न उचलता. पण दोन-तीन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात कपाळाच्या वर जात नव्हता. फळ्यावर आता तापी काढली की ती जमिनीलगतच वाहायची आणि मागच्या बाकावरच्या पोरींना दिसायचीच नाही.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळं गाव नाना म्हणायचं. त्यांची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. नानांनी जिनिंगच्या ऑफिसासाठी कॉम्प्युटर आणला, हे अक्कांना कळलं. त्या सरळ नानांच्या घरी गेल्या. नानांची मुलं अक्कांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे अक्का त्या घरात शिरल्या की मोठी बाप्ये माणसंसुद्धा उभी राहायची. काय बोलणं झालं देव जाणे, पण संध्याकाळी कॉम्प्युटर बैलगाडीतून शाळेत आला, गोधड्यांत गुंडाळून. अक्का गाडीत शेजारी बसल्या होत्या, नवरीची पाठराखीण बसते तशा.

नानांनी अट मात्र घातली होती. "शनवारी मी येसू. मले दखाडा. पोऱ्हेस्ना फायदा दिसना तं राहू द्या आठे. नही तं सोमवारी डबडं मना जिनिंगमा." म्हणजे पोरांना फायदा दिसला तर मशीन इथंच, नाही तर सोमवारी परत त्यांच्या जिनिंगमध्ये.

अक्का मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माय, एकदाच तापी काढून ठेवायची आहे. मी गेल्यावरही पोरींना दिसली पाहिजे. तेवढं करून दे."

एवढंच तर काम होतं. मी म्हटलं, चुटकीसरशी.

एक मशीन आणि स्टाफरूमभर शिक्षक. त्यात व्होल्टेजची तऱ्हा न्यारी. शाळेमागं पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की पडदा आक्रसून पोस्टकार्डाएवढा व्हायचा. शेवटी गिरणीवाल्याशी करार केला. तो दळण घालण्याआधी भिंतीपलीकडून ओरडायचा, "मॅडम, चालू करू का वं?" आणि आम्ही इकडून ओरडायचो, "थांबा भाऊ, बोरसे सर सेव्ह करताहेत!" त्या आठवड्यात गावानं भाकरी उशिरा खाल्ली, पण तक्रार केली नाही.

बोरसे सर इतिहासाचे. मूळचे धुळ्याचे, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू द्यायचे नाहीत. शिस्तीचे इतके की त्यांच्या वर्गात माशीसुद्धा हात वर करून आत यायची. माऊस त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला आणि असा दाबला, जसं काही तो कबुली देणार आहे.

सगळ्यांना मशीनवर बसवायचं तर माझी पेन्शन तिथंच झाली असती. म्हणून मी एक युक्ती काढली. हेडमास्तरांच्या घरून टीव्हीचा रिकामा खोका आणला. पुढची बाजू कापली. झाला मॉनिटर. प्राथमिक शाळेतून दगडी पाट्या आणल्या. एक पाटी म्हणजे एक स्लाइड. पाटीवर चार ओळींच्या वर लिहायचं नाही, अक्षर मागच्या भिंतीपासून वाचता आलं पाहिजे, आणि वाचून दाखवायचं नाही, समजावून सांगायचं. महाले सरांच्या गळ्यात शिट्टी असायचीच. एक शिट्टी म्हणजे क्लिक. शिट्टी वाजली की खोक्यातली पाटी बदलायची. दोन शिट्ट्या म्हणजे अनडू, म्हणजे आत्ता केलेलं मागं घ्यायचं.

पाट्याही सगळ्यांना पुरेशा नव्हत्या. तेव्हा नियम असा, की आपलं झालं की ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि पुढच्याला द्यायची. हे मीच सांगितलं होतं. आवाज चढवून सांगितलं होतं.

अ‍ॅनिमेशन शिकवताना खोका अपुरा पडला. मग दोन बाकं उभी करून मोठा पडदा केला आणि माणसांनाच पाट्या घेऊन पळायला लावलं. शिट्टी झाली की अकबर डावीकडून आला, शिट्टी झाली की बिरबल वरून आला. वरून म्हणजे टेबलावरून उडी मारून. संस्कृतचे शास्त्री सर, जे जिनासुद्धा मोजून चढायचे, ते "फ्लाय फ्रॉम टॉप" करताना धोतर सावरत हवेत गेले आणि मी शपथेवर सांगते, खाली यायला त्यांनी वेळ घेतला. स्टाफरूम असं हसायची की गिरणीवाला दळण बंद करून खिडकीत येऊन उभा राहायचा.

एका खोलीत हा गोंधळ आणि पलीकडच्या खोलीत खरं मशीन. पाळीपाळीनं एकेकानं जायचं, दोन-चार स्लाइड करायच्या, सेव्ह करायचं. सगळ्यांसाठी मी एकच फाइल केली होती, म्हणजे शनिवारी उघडझाक करायला नको. एकाचं संपलं की त्याच्याखाली पुढच्यानं लिहायचं. काम झालं की मला हाक यायची, "मॅडम, या!" मी पळत जायची, स्लाइड बघायची, "वा सर!" म्हणायची आणि पळत शास्त्रींना झेलायला परत. अक्कांची पाळी शुक्रवारी, सगळ्यांत शेवटी. माऊसला हात वर न्यावा लागत नाही. मेजावर कोपर टेकवून त्यांनी तापी काढली. निळी, बारीक, वळणावळणाची. एकेका क्लिकला एकेक उपनदी येऊन मिळत होती. मी बघतच राहिले. अक्कांनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली फक्त.

रोज संध्याकाळी मी फाइलची कॉपी फ्लॉपीवर घेत होते. फ्लॉपी म्हणजे चौकोनी चकती, तेव्हाची पेनड्राइव्ह. एवढी काळजी मी घेत होते, बरं का.

आणि शनिवारी सकाळी फाइल कोरी. फ्लॉपी लावली. तीही कोरी.

खोलीत सगळा स्टाफ जमला होता, इस्त्रीचे कपडे घालून. पोरांच्या वर्गांवर मोठ्या वर्गांतले मॉनिटर बसवले होते. महाजन सरही जळगावहून आले होते, शाबासकी घ्यायला. मी वळून विचारलं, "फाइलला कोणी हात लावला?"

"काय झालं?" बोरसे सर पुढं आले.

"सगळं गेलंय सर. एकही स्लाइड नाही."

"नाहीच असणार!" बोरसे सर अभिमानानं म्हणाले. "पुसलं ना!"

"काय केलं?"

"मॅडम, माझं काम झालं. तुम्ही बघितलं, वा म्हणालात. मग मी सगळं सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं आणि सेव्ह केलं. तास संपला की फळा पुसायचा. इतकी वर्षं नोकरी झाली, पुढच्या माणसाला घाण फळा कधी दिला नाही."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांना मीच शिकवलं पुसायला," बोरसे सर म्हणाले. "काहींना येत नव्हतं."

मी एकेकाकडे बघितलं. एकेक मान हलली. गणिताच्या बाई म्हणाल्या, "मी पण पुसला. मला तर आयताच स्वच्छ मिळाला होता, मग आपणही तसाच द्यायला नको का?" महाले सर म्हणाले, "मी दोनदा पुसला. एकदा पुसून समाधान होत नाही." शास्त्री सर म्हणाले की त्यांनी पुसून झाल्यावर मॉनिटरही ओल्या फडक्यानं पुसला.

म्हणजे आठवडाभर त्या फाइलमध्ये एका वेळी एकाच माणसाचा धडा होता. मी तो बघत होते, वा म्हणत होते, आणि माझी पाठ वळली की शिस्तबद्ध स्टाफ तो पुसून टाकत होता. सेव्ह करून बंद केल्यामुळे अनडूचाही रस्ता नाही. आणि मी रोज संध्याकाळी तो स्वच्छ फळा फ्लॉपीवर घालून, पर्समध्ये जपून, एसटीनं जळगावला नेत होते.

"अक्का," मी हळूच विचारलं, "तुम्ही पण?"

अक्का पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या. "माय," त्या म्हणाल्या, "पुसताना हात जड झाला होता गं. पण मला वाटलं, आत कुठंतरी राहत असेल."

महाजन सरांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "वैशाली, लाइट गेली म्हणून सांग."

तीच तर खरी पंचाईत होती. आठवडाभर आम्ही लाइट जाण्याची तयारी केली होती. लग्नाच्या वरातीचा जनरेटर आणून दारात उभा केला होता. गिरणीवाल्यानं तर मोटरची वायरच काढून ठेवली होती. आणि त्या दिवशी लाइट अशी होती की बंद केलेले दिवेसुद्धा मिणमिणत होते.

"बोरसे सर," अक्का एकदम वळल्या. आवाज पूर्वीचा. "गॅदरिंगचा निळा पडदा काढा कपाटातून. महाले, शिट्टी. पाट्या आणा सगळ्या."

"अक्का, काय करताय?"

"तापी माझ्या डोक्यात आहे. ती कोणी पुसलेली नाही."

पुढचं सगळं चहाच्या दुसऱ्या कपात झालं. हेडमास्तर केबिनमध्ये नानांना आग्रह करत होते आणि इकडे बाकं सरकत होती. अक्का प्रत्येकाच्या हातात पाटी देत होत्या. "तुम्ही पूर्णा. तुम्ही वाघूर. शास्त्री सर, तुम्ही गिरणा, धोतर आवळून बांधा. हिंदीच्या बाई, तुम्ही बोरी."

"आणि मी?" बोरसे सर.

"पांझरा. धुळ्याची आहे, तुम्हालाच शोभेल. पण शेवटी यायचं. घाई करायची नाही."

"पांझरा शेवटी का?"

"कारण ती शेवटी मिळते, सर! भूगोल आहे हा!"

नाना आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. खुर्चीवर बसले. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पाटीधारी स्टाफकडे.

"हाई काय शे?"

अक्का पुढं झाल्या. "नाना, पडद्यावर जे दिसतं ते आधी मोठं करून दाखवतो. हा समजा पडदा. महाले, क्लिक!"

शिट्टी वाजली. दोघांनी निळा पडदा धरून उजवीकडून धाव घेतली आणि तापी खोलीभर पसरली. नाना चपापून मागं सरकले. अक्का एका जागी उभ्या राहून, हात कमरेलाच ठेवून, नुसत्या आवाजानं सांगत होत्या. नदी कुठं उगम पावते, पश्चिमेला का वाहते, सातपुडा वर कसा उभा आहे. सातपुडा म्हणजे बाकावर ओळीनं उभ्या केलेल्या धिप्पाड बाया.

"आता पहिली उपनदी. क्लिक!"

शिट्टी वाजली आणि पूर्णेच्या आधी बोरसे सर सुटले. हातात पाटी, गळ्यातलं उपरणं पाण्यासारखं फडकवत, "पांझरा! धुळे!" अशी गर्जना करत ते सरळ तापीच्या उगमाकडे घुसले.

"बोरसे सर! तुम्ही पूर्णेच्या जागी, चांगदेवला पोचलात!" अक्का ओरडल्या. "महाले, अनडू!"

दोन शिट्ट्या. बोरसे सर शिस्तीचे. आलेल्या वाटेनं, तोंड पुढं ठेवून, उलट्या पावलांनी पांझरा परत धुळ्याकडे वाहायला लागली. वाटेत तिला वाघूर आडवी आली. गिरणा वाघुरीवर पडली. शास्त्री सरांचं धोतर तापीत अडकलं. सातपुडा हसून हसून डगमगला आणि एक डोंगर बाकावरून खाली उतरला. महाले सरांना हसताना शिट्टी तोंडातून काढता येईना, त्यामुळे क्लिकवर क्लिक सुरू झाले आणि सगळ्या उपनद्या एकाच वेळी सुटल्या. तसा पूर तापीला माझ्या माहितीत कधी आलेला नाही.

अक्कांनी एक हाक मारली. एकच. सगळ्या नद्या जागच्या जागी थिजल्या.

"पुन्हा," अक्का म्हणाल्या. "पहिल्यापासून."

आणि मग झालं. शिट्टीला पूर्णा, शिट्टीला वाघूर, शिट्टीला गिरणा. बोरी आली तेव्हा नानांनी काठी आपटली. "आपली बोरी!" शेवटी पांझरा आली, अदबीनं, आणि तापी दोन्ही काठ भरून खोलीच्या दारातून समुद्राकडे, म्हणजे व्हरांड्यात निघून गेली.

नाना डोळे पुसत होते. हसून हसून टोपी मांडीवर पडली होती. "अक्का, इतली उमर गई," ते म्हणाले, "पन तापी आज समजनी मले."

महाजन सरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. जिंकलो होतो. मग नानांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "पन अक्का, हाई इतलं भारी काम तुम्हीच करी राह्यनात. मंग हाई डबडं कसाले जोयजे?"

टाळ्या थांबल्या.

बरोबरच होतं त्यांचं. डबड्यानं काहीच केलं नव्हतं. ते बिचारं एक पांढरी स्लाइड घेऊन कोपऱ्यात बसलं होतं.

"वैशाली, बोल काहीतरी," महाजन सर पुटपुटले.

"सर, तुम्ही बोला. तुम्ही मालक."

"मी मार्केटिंगचा माणूस आहे."

"मग हेच मार्केटिंग आहे!"

नाना उठले. काठी टेकली. "सोमवारी गाडी धाडस," त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं. म्हणजे डबडं न्यायला गाडी पाठवतो.

अक्का जागेवरून हलल्या नाहीत. त्या मान तिरकी करून काहीतरी ऐकत होत्या. बाहेरून आवाज येत होता, मघापासूनच येत होता म्हणा, पण आमच्या नदीच्या खळखळाटात कोणाला ऐकू आला नव्हता.

"नाना," अक्का म्हणाल्या, "जाताय तर जा. पन पहिले खिडकीम्हाईन दखा."

नानांनी बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

शाळेचा एकूण एक शिक्षक नदी झाला होता किंवा डोंगर. वर्गांवर ठेवलेले मॉनिटर म्हणजे नववीची पोरं, ती सगळ्यांत आधी बाहेर पडली होती. कौलांवर पाचवी बसली होती. कडुनिंबावर पोरं अशी लागली होती की पानं दिसत नव्हती. घंटेला कोणीतरी लोंबकळत होतं आणि ती अखंड वाजत होती. आणि मधोमध, संथपणे, नानांची जीप शाळेच्या फाटकातून बाहेर निघाली होती. सहावी अ तिला मागून ढकलत होती. सहावी ब पुढून अडवत होती. सहावी अ जिंकत होती. पुढं उतार होता आणि उताराला बोरी. जीपचा ड्रायव्हर गिरणीवाल्याकडे गप्पा मारत बसला होता.

"हाई कोनी पोरे?" नाना किंचाळले. "मास्तर कोठे शेतस यास्ना?"

"आठेच शेतस ना, नाना," अक्का म्हणाल्या. "एक नदी दखाडाले बठ्ठा मास्तर लागनात. हाई डबडं एकलंच दखाडस. मंग बाकीना मास्तर वर्गवर ऱ्हातीन."

एक नदी दाखवायला सगळे मास्तर लागले, डबडं ते एकटं करेल, हा हिशोब नानांना कळला. ते एकदा कॉम्प्युटरकडे बघत होते, एकदा जीपकडे. जीपचं पुढचं चाक उताराला लागलं.

"राहू द्या!" नाना ओरडले. "आठेच राहू द्या डबडं! पहिले मनी जीप धरा!"

महाले सरांनी शिट्टी फुंकली आणि तापी, तिच्या सगळ्या उपनद्या आणि सातपुडा एकदम पटांगणात उतरला. बोरसे सरांनी जीप एकट्यानं धरली. निदान ते तसंच सांगतात, आणि मी त्यात लुडबूड करत नाही. चाकं बोरीच्या वाळूत ओली झाली, एवढंच. जिनिंगच्या ऑफिसात नानांनी नंतर दुसरा कॉम्प्युटर आणला.

सोमवारी मी फुकटात गेले. महाजन सर नको म्हणत होते. अक्कांनी कोपर टेकवून पुन्हा तापी काढली. या वेळी मी शेजारची खुर्ची सोडली नाही. सेव्ह केलं, फाइल बंद केली, परत उघडली. तापी होती. अक्कांनी अजून एकदा उघडायला लावली. होती. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः उघडली, मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथून बघत राहिल्या. दिसते का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी शिकवलं. शाळा, सोसायट्या, दवाखाने. त्या शनिवारानं मला एक गोष्ट शिकवली. शिकायला येणारा माणूस कोरा येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या सवयी येतात, आणि वाईट सवयी निदान दिसून येतात, चांगल्या सवयी गुपचूप काम करतात. म्हणून मी मशीन सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारते, की काम संपल्यावर तुम्ही काय करता?

धुळ्याजवळच्या एका पतपेढीत कॅशिअरला हे विचारलं. तो म्हणाला, "सगळं कुलपात ठेवतो आणि किल्ली अशा जागी लपवतो की माझी मलाही सापडत नाही."

तिथं मी पासवर्डचा धडा गाळला.